सागरगोट्यांची बाटली

प्लास्टिकची बाटली थेट कात्रीने कापायला जाऊ नये. कात्री घसरते, बाटली चेपते आणि हात कापतो तो वेगळाच. आधी दाभण मेणबत्तीवर तापवून एक भोक पाडावे, त्यात कात्रीचे टोक घालावे आणि मग निवांत गोल फिरवत न्यावे. बाटलीचे फूल करताना पाकळ्या वळवायच्या असतील तर आच बाजूने द्यावी. खालून दिली की प्लास्टिक काळे पडते. हे मला कोणी शिकवले नाही. देवबागच्या घरात वर्षानुवर्षे अडकून पडल्यावर माणूस काहीही शिकतो.

अडकून हा शब्द मी मुद्दामच वापरते. आमचे घर वाळूच्या पट्टीवर आहे. पुढे समुद्र, मागे खाडी. अंगणातल्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. ते येतात, हात पसरून उभे राहतात आणि स्वर्ग म्हणतात. त्यांचे बरोबरच आहे, ते दोन दिवस राहतात. माझे माहेर नांदगावचे, हायवेला लागून. लहानपणापासून मला कुठेतरी जाणाऱ्या गाड्या बघायची सवय. इथे रस्ता आमच्या घरावरून थोडा पुढे जातो आणि संपतो.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सासूबाईंना अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली. उजवा हात चालायचा, डोके तर माझ्यापेक्षा चालायचे, पण आवाजातला जोर गेला. बोलणे नीट कळायचे, मात्र खाटेपासून दोन हातांपलीकडे ऐकू यायचे नाही. त्यात बाहेर समुद्राची गाज. एकदा मी मागीलदारी मासे साफ करत होते आणि त्या पाणी मागून मागून दमल्या. शेवटी त्यांनी तांब्याच खाली ढकलला. आवाज ऐकून मी धावले, तर त्या रडत होत्या. मग मीही रडले.

दुसऱ्याच दिवशी मी बाटली केली. पाहुण्यांनी टाकलेली पाण्याची बाटली घेतली, गरम पाण्यात भिजवून तिचे लेबल काढले, राहिलेला चिकटा खोबरेल तेलाने पुसला. आत सहा सागरगोटे टाकले, तोंडातून जेमतेम जातील असे निवडून. झाकण तापल्या उलथन्याने डागून पक्के केले. हातातून सुटू नये म्हणून मानेला जुन्या साडीचा काठ गुंडाळला. माझ्या हातून इतकी टिकाऊ वस्तू पुन्हा झाली नाही.

बाटली वाजली की मी असेन तिथून "इलंय!" म्हणून ओरडायचे आणि हातातले टाकून धावायचे. पाणी हवे, कूस बदलायची, भांडे द्यायचे. कधी नुसतेच, "पाऊस पडता काय गो?" खिडकी समोर असताना! मी "पडता" म्हणायचे आणि दात-ओठ खात परत फिरायचे. अंघोळ करतानासुद्धा माझा एक कान बाहेर असे. गुरांच्या गळ्यात घंटा दुसरे कोणीतरी बांधते. मी माझ्या गळ्यात स्वतःच बांधून घेतली होती, तीही काठ गुंडाळून, छान करून.

त्या बाटलीच्या आवाजाच्या टप्प्यात बसून करण्यासारखे जे होते, ते मी करत गेले. वर्तमानपत्राचे कागद छत्रीच्या मोडक्या काडीवर गुंडाळायचे, काडी ओढून घ्यायची, की नळी तयार. नळ्यांच्या टोपल्या विणायच्या. खळ मैद्याची करायची आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचे, म्हणजे झुरळे शिवत नाहीत. फक्त ते भांडे पुन्हा स्वयंपाकात आणायचे नाही. दुधाच्या पिशव्यांची फुले केली. खोल्या भरल्या, पडवी भरली. पाहुणे विचारायचे, "ताई, एवढा वेळ कुठून काढता?" मी हसायचे. माझ्याकडे वेळेशिवाय होते काय!

गेल्या पावसाळ्यात मालवणच्या एका बचत गटाने निरोप धाडला. दर गुरुवारी त्यांच्या सभागृहात बायकांना हे शिकवायला याल का? सकाळी जायचे, संध्याकाळी परत. मी निरोप दोनदा वाचला. सहा वर्षांत मी मालवणला गेले होते ती औषधे घ्यायला, आणि तीही पळत.

नवऱ्याने आईला पुढे केले. म्हणाला, "आवशीक कोण बघतलो?"

"तुमी. होडी झापाखालीच आसा मां?"

पावसाळ्यात पर्यटक नसतात, होडी झावळ्यांच्या झापाखाली झाकून ठेवलेली असते आणि नवरा पडवीत मोबाईल बघत असतो. त्याला सरळ नाही म्हणता येईना. तो म्हणाला, "देवाक विचारया."

म्हणून सोमवारी आम्ही कौल घ्यायला देवळात गेलो. गुरवाने पाषाणाला पाणी लावून दोन बाजूंना फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणे घातले. उजवी पडली तर जावे, डावी पडली तर जाऊ नये. आम्ही बसलो. श्रावणातली ओल म्हणजे काय, ते मला विचारा. पंधरा दिवस माझी एक टोपली वाळत नव्हती. मी कागद फ्रिजच्या मागे ठेवून वाळवत होते. देवळात फ्रिज नव्हता. पाकळी सुकल्याशिवाय सुटणार नाही हे मला दिसत होते, पण देवापुढे बसून ते बोलता येत नाही. तासभर झाला, दोन झाले. ना उजवी, ना डावी. माझे पुढचे आयुष्य त्या दगडाला चिकटून बसले होते आणि मी हात जोडून त्याच्याकडे बघत होते.

"देव आज बोलणा नाय," गुरव म्हणाला. "फुडल्या सोमवारी येवा."

वर्ग गुरुवारपासून होता. नवऱ्याने घरी येऊन आईला सांगितले, "देवान काय कौल देवक नाय. रवांदे आता."

सासूबाई छताकडे बघत होत्या. म्हणाल्या, "देव गप रवलो म्हणजे नाय म्हणालो, असा कोणी सांगल्यान? जा गो तू."

गुरुवारी सकाळी त्यांना न्हाऊ घातले, भरवले, औषध दिले. नमुन्याच्या वस्तूंची पिशवी त्यांच्या खाटेवर ठेवूनच भरली, कारण तेवढ्यातही त्यांना दोनदा पाणी हवे होते. एसटी सुटली तेव्हा मला हसू येत होते. उगाचच येत होते.

सभागृहात वीसेक बायका. मी पिशवी टेबलावर रिकामी केली आणि दाभण तापवण्यापासून सुरुवात केली. मला वाटले होते जीभ अडखळेल, पण छान बोलत होते. कोणी मला "मॅडम" म्हटले. पाकळीला आच कशी द्यायची ते फळ्याकडे तोंड करून काढून दाखवत होते, आणि मागे बाटली वाजली.

"इलंय!" मी जोरात ओरडले. हातातला खडू टाकून दाराकडे दोन पावले गेलेसुद्धा.

बायका हसल्या. पहिल्या रांगेतल्या एकीने नमुन्यांतली बाटली उचलून हलवली होती. मीही हसले. मग नीट बघितले. बाटलीच्या मानेला माझ्या साडीचा काठ होता.

पुढे मी काय शिकवले ते मला आठवत नाही. मधल्या सुट्टीत नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "काय एक त्रास नाय. आवशीन हाक सुदिक मारल्यान नाय."

परतीच्या एसटीत मी स्वतःला शिव्या घातल्या. घाईत नमुन्यांबरोबर ती पण भरली असेन, दुसरे काय! घरी पोचले तर नवरा पडवीत होता, खूश. मी आत गेले. सासूबाईंची चादर ओली होती, पार कंबरेपर्यंत, आणि कडेने सुकायलाही लागली होती. केव्हापासून त्या तशा पडून होत्या कोण जाणे.

"आये, बाटली माझ्या पिशवीत गेली गो. चुकान गेली," मी म्हटले. मला रडू फुटले होते.

"चुकान नाय. मियाच घातलंय."

"कित्या?"

त्यांनी उजवा हात चादरीवर फिरवला, ओले कुठवर आहे ते चाचपत. मग कुजबुजल्या, "हाताशी आसती तर मी वाजयलंय आसतंय."

मी त्यांना पुसले, कोरडे नेसवले, चादर बदलली. मग पिशवीतून बाटली काढली आणि त्यांच्या उजव्या हाताशी ठेवली. त्यांनी ती घेतली नाही. मी त्यांची बोटे उघडून ती मुठीत दिली.