बुटाच्या पोटात काय आहे?

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, सगळी गल्ली मापकाका म्हणते. समोरून माणूस येताना दिसला की ते आधी त्याच्या पायांकडे बघतात, मग तोंडाकडे, आणि नाव तर हमखास विसरतात. "सकाळी तो साडेआठ नंबर येऊन गेला," एवढ्यावरून आपण ओळखायचं. मापाचे बूट शिवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. दुकान खाली, घर वर, मध्ये तेरा पायऱ्यांचा लाकडी जिना. दुकानाच्या मागच्या भिंतीवर पायांचे लाकडी साचे टांगलेले, आणि खिडकीपाशी त्यांचं ठेंगणं स्टूल. चामडं कापायची त्यांची रापी कुणी जागेवरून हलवली तर त्या दिवशी घरात कुणाची धडगत नसते.

असा हा माणूस एका गुरुवारी कुरियरच्या काउंटरपुढे पार गोंधळून उभा होता, आणि त्याला तिथे नेणारी मी होते.

दोष माझाच. तयार बुटांच्या जमान्यात दुकानाला गिऱ्हाईक कुठून येणार, म्हणून मी दुकानाची वेबसाइट काढली आणि वर ऐटीत लिहिलं, 'जगात कुठेही पाठवतो.' कसं पाठवतो, ते मलाही माहीत नव्हतं. सहा महिने कुणी फिरकलं नाही. मग सातासमुद्रापलीकडच्या एका बाईचं ईमेलने पत्र आलं. तिचा एक पाय तीन सेंटीमीटर आखूड. जुन्या बुटाचा तळ फाटला होता, आणि साध्या बुटांत तिला तासभरसुद्धा उभं राहवत नव्हतं. तिला संग्रहालयात लोकांना फिरवून माहिती सांगायची नोकरी लागली होती, एक तारखेपासून. तोवर बूट आले नाहीत तर नोकरी दुसऱ्याला जाणार होती.

बाबांनी तिला मापाची रीत कळवली. कागदावर उभं राहायचं, पेन्सिल सरळ धरून पायाची कड काढायची. मग आरशासमोर उभं राहून आखूड पायाखाली एकेक पातळ पुस्तक सरकवायचं, कंबर सरळ दिसली की थांबायचं आणि पुस्तकांची जाडी मोजायची. तिने सगळं इमानेइतबारे केलं. बाबांनी घोट्याच्या वर येणारे तपकिरी बूट शिवले. ते इतके सुरेख झाले की मी दोन्ही हातांत धरून बघितले तरी कुठला आखूड पायाचा ते ओळखता येईना. वाढवलेली उंची बाहेर दिसतच नव्हती. ती आत होती, टाचेखाली, बुचाच्या थरांत.

हीच तर त्यांची कला. गिऱ्हाइकाच्या पायाचं व्यंग दिसू द्यायचं नाही, बोलायचं नाही आणि कागदावर तर मुळीच लिहायचं नाही. त्यांच्या वहीत पायांच्या नुसत्या आकृत्या आहेत, शब्द एकही नाही. हा नियम त्यांनी का केला ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण कुणी बोलत नाही. माझ्या सासूबाईंचा डावा पाय लहानपणीच्या आजारानंतर आखूड राहिला. त्या बूट करायला म्हणून या दुकानात आल्या आणि इथल्याच झाल्या. मला हे लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं, तेही एकदा बूट न घालता भिंतीला धरून चालताना त्या दिसल्या तेव्हा. मी काही न बघितल्यासारखं करून स्वयंपाकघरात पळाले. या घराचं वळण मलाही लागलं होतं.

तर काउंटर. तिथल्या बाईंनी खोकं काट्यावर ठेवलं. एक किलो आठशे ग्रॅम भरलं. मग टेप लावून लांबी, रुंदी, उंची मोजली, यंत्रावर बोटं चालवली आणि म्हणाल्या, "चार किलो आठशेचे पैसे लागतील."

"अहो, काट्यावर तर दोन किलोसुद्धा भरलं नाही!" बाबा म्हणाले.

"खोकं मोठं आहे, काका. विमानात ते जागा अडवतं. जागेचं वजन आणि खरं वजन, यातलं जे जास्त ते धरतात."

"म्हणजे तीन किलो हवा मी परदेशी पाठवतोय?"

"हो," त्या शांतपणे म्हणाल्या, आणि फॉर्म पुढे सरकवला.

आम्ही घरी जाऊन लहान खोकं आणलं. मग फॉर्मशी झटापट. वस्तू विकलेली की भेट? बाबा 'भेट' वर खूण करायला निघाले, कारण बुटांसोबत त्यांनी पॉलिशची डबी फुकट दिली होती. बाईंनी डबी बाहेर काढून ठेवली; म्हणाल्या, पेट घेणारं काही विमानात चालत नाही. जकात कोण भरणार, बूट घेणारी बाई की तुम्ही? कुणी भरायची असते, हे बाबांनी मला विचारलं आणि मी खिडकीबाहेर बघायला लागले. मालाचा आकडी नंबर काय? बाबा म्हणाले, "डावा सहा, उजवा साडेसहा." बाई म्हणाल्या, "तो नाही, काका. जगातल्या प्रत्येक मालाला एक ठरलेला नंबर असतो, त्यावरून जकात ठरते." बाबा माझ्याकडे असे बघायला लागले, जणू हा नंबर मीच त्यांच्यापासून लपवून ठेवला होता.

शेवटी आली ती ओळ: वस्तूचं पूर्ण वर्णन. बाबांनी लिहिलं, 'बूट. एक जोडी.'

"थोडं सविस्तर लिहा, काका. कशाचे, कशासाठी, कुणासाठी."

"बूट कशासाठी असतात?" बाबा म्हणाले, आणि पुढे एक अक्षर लिहिलं नाही. मागे रांग वाढली होती. बाईंनी शिक्का मारला.

चार दिवस मी मोबाइलवर खोक्याचा प्रवास बघत होते. इथून निघालं, तिथे पोचलं. पाचव्या दिवशी घोडं अडलं. तिकडच्या जकात खात्याचा निरोप आला. दोन्ही बूट बाहेरून सारखे दिसतात, पण तपासणीच्या यंत्रात एकाच्या तळात काहीतरी भरलेलं दिसतं. फॉर्मवर त्याचा उल्लेख नाही. आत काय आहे त्याचा लेखी खुलासा आणि अशाच बनावटीच्या बुटाच्या आतल्या भागाचे फोटो तीन दिवसांत पाठवा, नाहीतर बूट फोडून बघण्यात येईल.

मी निरोप दोनदा वाचून दाखवला. बाबांच्या हातातली आरी तशीच राहिली.

"फोडून? माझा बूट? मी काय चोरून पाठवलंय?"

खरं तर त्यांना कुणी चोर म्हटलं नव्हतं. पण ज्या सफाईसाठी गल्लीने त्यांना डोक्यावर घेतलं, तिच्याचमुळे परक्या साहेबाच्या मनात पाल चुकचुकली होती, आणि हे त्यांना उमगत नव्हतं. मी काउंटरवरच्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आखूड पायासाठी मापाने केलेत ना? मग ताई, ते साध्या बुटांत धरतच नाहीत. ते उपचाराचं साधन. त्याचा नंबरच वेगळा. तसं लिहून द्या, सुटेल."

"ते बूट नाहीत?" बाबा म्हणाले. "मग चाळीस वर्षं मी शिवलं काय?"

मी त्या गिऱ्हाईक बाईला विचारलं, तुमच्या पायाबद्दल लिहिलं तर चालेल का? अर्ध्या तासात उत्तर आलं: 'लिहा की! यात विचारायचं काय? फक्त बूट सोडवा.' बाबांनी ते तीनदा वाचायला लावलं. त्यांचा विश्वास बसेना. "घाईत लिहिलं असेल," ते म्हणाले. "नंतर वाईट वाटेल तिला. आणि फोटो कुठून आणायचा? दुसरा तसा बूट करायला मला आठ दिवस लागतात."

तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. सासूबाई खाली येत होत्या. इतका वेळ त्या वरच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होत्या, हे आम्हाला माहीत नव्हतं. त्या बाकावर टेकल्या, डाव्या पायाच्या बुटाची नाडी सोडली आणि तो बूट बाबांच्या पुढ्यात ठेवला.

"हा कापा."

"अगं, वेडी आहेस का? तुझा आहे तो."

"अशाच बनावटीचा मागितलाय ना त्यांनी? मग कापा. पोरीची नोकरी जाईल तिकडे."

बाबा बूट हातात घेऊन बसून राहिले. शेवटी त्यांनी रापी उचलली आणि बूट टाचेपासून चवड्यापर्यंत उभा कापला. आत बुचाचे सात थर होते, एकावर एक, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. जे कुणी कधी बघणार नव्हतं ते त्यांनी इतकं देखणं केलं होतं. मी फोटो काढले.

"आता लिही," सासूबाई मला म्हणाल्या. "एक पाय तीन सेंटीमीटर आखूड असलेल्या बाईसाठी मापाने शिवलेला बूट. आत बूच आहे, दुसरं काही नाही. आणि खाली लिही, फोटोतला बूट शिवणाऱ्याच्या बायकोचा आहे, तिचाही पाय तेवढाच आखूड आहे."

हे सांगताना त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. एका पायात बूट, एक पाय अनवाणी, आणि सगळं अंग डावीकडे कललेलं. दुकानाचं दार सताड उघडं. समोरच्या चष्म्याच्या दुकानातला माणूस गिऱ्हाईक सोडून बघत होता. बाबा दार लावायला धावले.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "त्याला काय माहीत नाही? सगळ्या गल्लीला माहीत आहे, अहो. एक तुम्हीच काय ते लपवत होता."

"तुझ्यासाठीच ना," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला त्यांची दया आली. "तुला आवडत नसेल म्हणून."

"मला विचारलंत कधी?"

बाबांनी दारावरचा हात काढला. मी मान खाली घालून टाइप करत राहिले. नंबर बदललेला नवा फॉर्म, खुलासा आणि फोटो, सगळं काउंटरवरच्या बाईंनी त्याच दिवशी पुढे पाठवलं.

पार्सल दोन दिवसांनी सुटलं आणि एक तारखेच्या आदल्या दुपारी पोचलं. त्या बाईने संग्रहालयाच्या पायऱ्यांवर उभी असल्याचा फोटो पाठवला. बाबांनी तिचा चेहरा बघितलाच नाही. फोटो मोठा करून फक्त कंबर बघितली आणि म्हणाले, "सरळ आहे."

त्याच संध्याकाळी त्यांनी सासूबाईंचं माप घ्यायला कागद अंथरला. माप त्यांना पाठ होतं, तरी घेतलं. पेन्सिल फिरवून झाली, पण ते उठेनात. मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, "उंची... आत ठेवू की बाहेर?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न त्या दुकानात कुणी ऐकला नव्हता.

"बाहेर," सासूबाई म्हणाल्या. "दिसू दे. आणि तळ लाल करा."

"लाल?"

"लालच."

बाबांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा कागदाकडे. त्यांना काहीएक कळलेलं नव्हतं. मग ते उठले, मागच्या फळीवरची चामड्याची गुंडाळी खाली घेतली आणि लाल तुकडा आहे का ते शोधायला लागले.