एकाच झाडाचे डोळे

वरूडकडच्या संत्र्याच्या बागांमध्ये माझे बाबा डोळे बांधायचे. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या रोपाच्या सालीला चीर द्यायची, तिच्यात संत्र्याच्या झाडाचा डोळा बसवायचा आणि वरून केळीच्या सोपटानं आवळायचं, हा त्यांचा धंदा. त्यांनी बांधलेला डोळा सहसा मरत नसे. धम्म घेतला तेव्हाच पोरीला शिकवायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि या धंद्याच्या जोरावर मी अमरावतीला सायन्स कॉलेजात गेले. आमच्या वस्तीतली पहिलीच. त्याचा मला माज होता.

कॉलेजात अर्थशास्त्राच्या एका प्रोफेसरांचं व्याख्यान झालं. कापसाचे जिन आले, सरकी काढायच्या हातचरख्या गेल्या. मोटारी आल्या, आता बैलांच्या दमण्याही जातील. बाजार निसर्गासारखीच निवड करतो, लायक ते टिकतं, त्यात हळहळायचं काय, असं ते म्हणाले. आम्हाला जीवशास्त्रात नुकतीच उत्क्रांती शिकवली होती. दोन्ही चपखल जुळलं आणि मी हरखून गेले.

त्याच दिवाळीत घरी आले, तर बाबांनी एका मालकाच्या नव्या बागेचं काम घेतलेलं. ते नेहमी दहा-बारा झाडांचे डोळे घेत, त्यात एखादं कमी फळणारंही असे. का, म्हणून विचारलं तर त्यांच्या बापानं तसंच केलं, एवढंच सांगत. मालकाच्या जुन्या बागेत एक झाड फळांनी असं लदलं होतं की फांद्या भुईला टेकलेल्या. मी म्हटलं, सगळे डोळे याचेच घ्या. बाबांनी झाडाभोवती फेरी मारली, बुंध्याची साल नखानं खरवडून पाहिली.

"यंदाच एवढं काऊन लदलं हे?"

मी हसले आणि मजुरांसमोर त्यांना उत्क्रांती शिकवली. सही न येणारा माणूस पुस्तकापुढे काय बोलणार? त्यांनी सगळे डोळे त्या झाडाचे घेतले.

पुढच्या उन्हाळ्यात ते झाड उभ्याउभ्या वाळलं. मरणाला टेकलेलं झाड कधी कधी असं भरभरून फळतं, हे मला फार उशिरा कळलं. तिसऱ्या वर्षी नवी बाग शेंड्यापासून पिवळी पडत गेली. सगळ्या झाडांत दुखणं एकच, त्या झाडाकडून आलेलं. एखादं तरी तगावं, तर वेगळं असं आम्ही काही लावलंच नव्हतं.

मालकानं बाबांना बोलावलं. मीही गेले, कारण अकोल्याच्या शाळेतली माझी नोकरी त्याच मालकाच्या शिफारशीच्या चिठ्ठीवर अडली होती. एकाच झाडाचे डोळे घ्यायची अक्कल कोणाची, त्यानं विचारलं. पोरीनं भाषण ठोकलं होतं, असं मजूर सांगत होते.

"म्याच निवडलं, मालक," बाबा म्हणाले. "पोरीले यातलं काई समजत नाई."

मी शेजारीच उभी होते. जाताना मालकानं चिठ्ठी दिली, ती मी घेतली.

त्यानंतर बाबांना डोळे बांधायला कोणी बोलावलं नाही. ज्या बागा त्यांनी उभ्या केल्या त्यांत ते मरेपर्यंत आळी खणत राहिले. मी अकोल्यात जीवशास्त्र शिकवू लागले. दरवर्षी उत्क्रांतीच्या धड्याला एखादी मुलगी विचारतेच, "बाई, म्हणजे लायक तोच टिकतो ना?"

बाबांचा धंदा गेला आणि माझी नोकरी टिकली. आमच्या दोघांत लायक कोण होतं, ते मला माहीत आहे.