ससाण्यांसाठी दोन मिनिटं

"पाणी बघितलं नसंल त्यानं. न्हाईतर गाडी गरम कशी होईल?"

आबा हे बायकोला हळूच म्हणाले. मी दहा पावलांवर दुर्बीण लावून उभी होते. मला ऐकू आलं.

"गप बसा. मॅडमला ऐकू जाईल."

"जाऊ दे. लई झोपाळू पोरगं. मेंढरं सोडून झोपायचं."

पाली गावाच्या वरचा माळ. नोव्हेंबर, सकाळचे आठ. आबांचा मुलगा लान्स नाईक बिभीषण माझा ड्रायव्हर होता. मी तेव्हा कॅप्टन होते. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. मला फौज सोडून चार महिने.

आमचं पोस्टिंग ईशान्येच्या डोंगरात होतं. रोज सकाळी सहाला पुढच्या पोस्टचं रेशन घेऊन निघायचं. त्याआधी बिभीषण बॉनेट उघडून पाणी, तेल, पट्टा तपासायचा. एक दिवसही चुकला नाही. ऑक्टोबरअखेर तिथे अमूर ससाणे उतरायचे. कबुतराएवढे शिकारी पक्षी, हजारोंनी, आफ्रिकेच्या वाटेवर. मेसमध्ये मी कुणाशी फारसं बोलत नसे. गाडीत मात्र ससाण्यांबद्दल बोलताना थांबत नसे.

त्या दिवशी ०६४० ला आम्ही स्लाइड झोनमध्ये होतो. तिथे दरड कोसळते, म्हणून थांबायला मनाई. खालची दरी ससाण्यांनी भरली होती.

"थांबव."

"मॅडम, इथं हॉल्ट न्हाई."

"दोन मिनिटं."

त्यानं इंजिन चालूच ठेवलं. मी उतरून दरीच्या कडेला गेले.

"आमच्या पालीवरून बी जात्यात का ही?"

"जात असतील."

"मंग आबाला फोन लावतो. म्हनावं, मान वर करा जरा."

गाडीतला वायरलेस सेट वाजला. "चार्ली टू, लोकेशन? ओव्हर."

मी वळले, तेव्हा वरून खडी घरंगळली. गाडी पुढं काढायची सोडून तो आधी ओरडला, "मॅडम, पळा!" दगड ड्रायव्हरच्या बाजूवर आदळला. मला खरचटलंही नाही.

चौकशीत मी लिहून दिलं, 'इंजिन गरम झाल्यामुळे गाडी थांबवावी लागली.' मी घाबरले होते. कुणी पुन्हा विचारलं नाही. तेच वाक्य आबांच्या घरी पोचलं.

माळावर साडेआठला ससाणे आले. आधी वीस, मग साठ, मग मोजणं सुटलं. ऊन पंखांच्या खालच्या पांढऱ्या भागावर पडत होतं. क्षणभर मला फक्त आनंद झाला. मग आबा माझ्याकडे चालत आले. दरड कोसळली तेव्हाही मी इतकी घाबरले नव्हते.

मी इंग्रजी शाळेतली. मराठी वाक्य आधी मनात जुळवून घेते. हे वाक्य दोन वर्षं जुळवत होते.

"दिसली का पाखरं?" आबांनी विचारलं.

मी दुर्बीण खाली केली.

"आबा, बिभीषणनं पाणी बघितलं होतं. गाडी गरम झालीच नव्हती. तो नको म्हणत होता. पाखरं बघायला मी थांबवली."