बांगड्या भरणारा

गोड बोलून केसानं गळा कापणारी माणसं मी पुढं पुष्कळ पाहिली. पण जव्हारच्या बाजारातून आमच्या दाभोशाकडे चढून आलेल्या त्या बांगडीवाल्यासारखा मेला दुसरा पाहिला नाही. आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

वैशाख होता. बाप संस्थानच्या जंगलात लाकूडतोडीला गेलेला. पेरणीसाठी पाला-फांद्या जाळून राब भाजून तयार होता आणि कणगीत नागलीचं, म्हणजे नाचणीचं, बी राखलेलं. खायचं धान्य संपत आलं होतं, तरी त्या बियाला आईनं हात लावला नव्हता.

बांगडीवाला न विचारता ओट्यावर बसला. आईच्या मांडीवर माझी धाकटी बहीण पीत होती, तिला उठताही येईना. आई नको नको म्हणेपर्यंत त्यानं तिच्या हातातल्या जुन्या काचा उतरवून टोपलीत टाकल्या आणि हिरव्या बांगड्या भरायला लागला. "घालून तर बघ, घेतल्याच पाहिजेत असं कुठंय?" दोन्ही हात भरले, तसं मेल्यानं कणगीकडे बोट दाखवलं.

"बी हाय ता, दादा," आई म्हणाली. "तुझ्या बांगड्या काढून घे."

"सवाष्णीचा हात मी रिकामा करत नसतो, बाई. तुझ्या हातानं काढ. धनी रानात कुऱ्हाड चालवतोय, एवढं ध्यानात ठेव."

आईचा चेहरा उतरला. तो लबाडी करतोय हे मला कळत होतं, मी ओरडलेसुद्धा. पण तिला झाडाखाली चिरडलेला बाप दिसत होता. तिनं कणगी ओतली. माप न लावता त्यानं सगळी नागली भरून घेतली आणि वर आशीर्वाद देऊन गेला.

बाप धडधाकट परत आला. त्यानं रिकाम्या कणगीचा तळ खरवडून बघितला. मग दोघं पाड्यात दारोदार फिरली. पण पेरणीच्या तोंडावर बी घराबाहेर दिलं की कणसरी, आमची धान्यदेवी, रुसून जाते. लोक पेज देत होते, बी कोणी दिलं नाही. आमच्या राबावर गवत उगवलं.

पावसाळाभर आम्ही रानातले कंद उकडून खाल्ले. आईचं दूध आटलं. धाकटीला कंद पचेना. भादव्यात, लोकांच्या नागलीला कणसं धरत असताना, ती गेली.

तिला पुरून आल्यावर बाप आईजवळ बसला. आईनं त्याचे हात चाचपले, पाय चाचपले.

"तुला राखला रं," ती म्हणाली. "हिला नाय राखली."