मधला भाग

टॉर्चमावशींनी आयुष्यभर नाटकं बघितली, पण एकही पुरतं बघितलं नाही.

तिसरी घंटा झाली की त्या प्रेक्षागृहाचं दार लोटून घ्यायच्या. उशिरा आलेल्यांना टॉर्चच्या उजेडात खुर्चीपर्यंत न्यायचं, "पाय आत घ्या हो, जाऊ द्या त्यांना," असं कुजबुजायचं. या धावपळीत पहिला प्रसंग नजरेखालून जायचा. मग बाहेर. दाराशी स्टूल, पुढे लांबलचक व्हरांडा. पोरं पळायला लागली की डोळे वटारायचे, फोनवर ओरडणाऱ्याला जिन्याकडे पिटाळायचं. नाटक संपत आलं की पुन्हा आत शिरून कड्या काढायच्या आणि पडदा हाताने धरून उभं राहायचं. तेव्हा शेवट दिसायचा. सुरुवात आपली, शेवट आपला, मधलं तिकीटवाल्यांचं.

मधलं त्यांना कळायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाबरोबर. नवरा त्याच नाट्यगृहात लाइटवाला. वरच्या काचेच्या खोलीत बसून दिवे चालवायचा. खाली दारात बायको, वर दिव्यांपाशी नवरा.

"हं, मग? तो निघून जातो म्हणाला, पुढे?"

"पुढे काय, मी निळा टाकला."

"निळ्याचं काय करू मी? ती काय म्हणाली ते सांगा ना!"

"अगं, सांगतो. चहा तर पिऊ दे. निळ्यात ती रडली. मग मी हळूहळू पिवळा आणला, तशी हसली. सोपं असतं बायकांचं, दिवा बदलला की झालं."

"असं होय? मग आमच्या स्वयंपाकघरातला बदला की एकदा. वर्ष झालं लुकलुकतोय."

असा त्यांचा संसार. लाइटवाले गेले त्याला आता वर्ष होत आलं. स्वयंपाकघरातला दिवा मावशींनी कुणाला तरी बोलावून बदलून घेतला. मधलं सांगणारं मात्र कुणी मिळालं नाही.

शहर सप्ताह सुरू झाला तसं नाट्यगृह फुलून गेलं. रोज सकाळ-संध्याकाळ काहीतरी. उद्घाटनाला भाषणं इतकी लांबली की हार घालून घेतलेले पाहुणेच पेंगले. पोरांच्या नाचाच्या दिवशी प्रत्येक पोरामागे पाच-पाच नातेवाईक, आणि आपलं पोर नाचून झालं की सगळे एकदम उठणार. ज्येष्ठांच्या गाण्याच्या स्पर्धेत दोन आजोबांचं माइकवरून असं जुंपलं की परीक्षकांनी दोघांनाही पहिलं देऊन टाकलं. माणसं घोळक्याने यायची, घोळक्याने जायची. मावशींच्या बाजूने जाताना "मावशी, स्वच्छतागृह कुठे?" एवढंच विचारायची.

जादूच्या प्रयोगाला त्यांनी पेटीत शिरणारी बाई बघितली आणि शेवटी हात हलवत धडधाकट उभी असलेलीही बघितली. बाहेर पडणाऱ्या एका काकांना गाठून त्यांनी विचारलं, "मधे काय झालं हो?"

"दोन तुकडे केले तिचे!"

"अगं बाई! मग?"

"मग जोडले."

"म्हणजे झालं काय?"

काका जरा विचारात पडले. "तसं म्हटलं तर काहीच नाही," म्हणाले आणि गेले.

मग मावशी जिना चढून काचेच्या खोलीत गेल्या. तिथे आता नवीन लाइटवाली होती. केस बारीक कापलेली, हसरी मुलगी, पुढ्यात स्क्रीन.

"कालच्या एकांकिकेत मधे काय झालं गं, पोरी?"

"मावशी, मला काय विचारता? माझं सगळं लक्ष क्यूवर, कुठला दिवा कधी टाकायचा त्यावर. एवढं माहीत आहे की मधे खूप वेळ लाल होतं."

"लाल म्हणजे भांडण झालं असणार."

"असेल. नाहीतर मारामारी. मला खरंच नाही आठवत."

मावशी खाली आल्या. त्यांच्या ह्यांना सगळं आठवायचं.

शनिवार-रविवार दुपारी शिंप्याचं नाटक होतं. बाहेरगावची मंडळी, काही वर्षांनी एकदा हमखास यायची, आणि मावशींचं सगळ्यात लाडकं नाटक ते. सुरुवातीला शिंपी आणि त्याची बायको जेवायला बसतात, दोनच ताटं. दारावर थाप पडते. बघतात तर एक पोर झोपलंय उंबऱ्यात. शेवटी दोघं म्हातारी झालेली, पुन्हा दोनच ताटं. बायको म्हणते, "मोठा साहेब होऊन येईल बघा, मग तिसरं ताट मांडीन," आणि खळखळून हसते. पडदा. मधलं ह्यांनी सांगितलेलं: पोर हुशार निघतं, शिंपी त्याला लांबच्या मोठ्या शाळेत शिकायला पाठवतो. निळ्यात निरोप, पिवळ्यात समाधान.

मावशींना एकच कोडं. शेवटी ती बाई हसायची, दारात मावशीही हसायच्या, आणि बाहेर पडणारी माणसं मात्र नाकं पुसत यायची. "पोर शिकायला गेलं तर रडतात मेले," असं त्या कॅन्टीनवाल्याला म्हणायच्या. कॅन्टीनवाल्याचं नाव साखऱ्या पडलं होतं, त्याचा चहा प्यायला की का ते कळायचं.

"मावशी, तुम्ही आणि मी एकच नाटक बघतो का हो?" असं साखऱ्याने एकदा विचारलं होतं.

"तू कुठे बघतोस? तू बशा विसळतोस," मावशींनी त्याला उडवून लावलं होतं.

या खेपेला त्या सरळ मॅनेजरांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, शनिवारी दुपारी सुट्टी हवी."

"ऐन सप्ताहात? कुणाचं लग्नबिग्न आहे का, मावशी?"

"नाही. नाटक बघायचंय."

"मग सुट्टी कशाला? तुम्ही इथेच तर असता."

"आत बसून बघायचंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

मॅनेजरांनी चष्मा काढला. इतक्या वर्षांत या बाईने असं काही मागितलं नव्हतं. "अहो, पण दाराशी कोण?"

"मी बसतो की," चहाचे कप उचलायला आलेला साखऱ्या म्हणाला.

"तू बसलास तर उशिरा येणारे आत जायचेच नाहीत, तिथेच चहा मागतील."

"मग तर धंदाच झाला!"

मॅनेजर हसले आणि मावशींचं काम झालं. त्यांना काय हवं होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ह्यांनी सांगितलेल्या मधल्यांपैकी एक तरी डोळ्यांनी बघायचं होतं. तोच निळा, तोच पिवळा. तेवढा वेळ हे शेजारी बसून बोलताहेत असं वाटलं, तर वर्षभर ओढलेला दिवस जरा हलका झाला असता.

शनिवारी त्या कपाटातली चांगली साडी नेसून आल्या. साखऱ्याने दारात मुद्दाम टॉर्च मारला. "पायाखाली बघा हं, बाईसाहेब!"

"गप रे!" म्हणाल्या खऱ्या, पण लाजल्या.

खुर्ची मऊ होती. आजूबाजूला सगळे जोडीने, घोळक्याने. मावशींच्या एका बाजूला दोघी बहिणी होत्या, दुसऱ्या बाजूची खुर्ची कुणाच्या तरी पिशवीने अडवलेली. पहिला प्रसंग त्यांना पाठच होता. दार आपण होऊन लोटलं गेलं, आणि मावशी पहिल्यांदाच दाराच्या आतल्या बाजूला राहिल्या.

पोर वाढलं. अंगणात धावलं. शिंप्याच्या बायकोला आई म्हणायला लागलं. सगळं ह्यांनी सांगितल्यासारखंच. मावशी पुढे सरकून बसल्या. आता मास्तर येणार, शाळेचं सांगणार.

मास्तर आलाच नाही. एक बाई आली. शिंप्याची बायको बाजारात गेलेली, घरात शिंपी एकटा. बाई म्हणाली, "माझं आहे ते पोर. तेव्हा वेळच तशी होती. आता न्यायला आलेय."

दिवे हळूहळू निळे झाले. शिंप्याने पोराला जवळ घेतलं, त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण शिवलं, दाताने दोरा तोडला आणि पोर त्या बाईच्या हातात दिलं. मग बायको परत आली. "पोर कुठंय?"

शिंप्याने पाठ फिरवली आणि म्हणाला, "शिकायला पाठवलं. लांब आहे शाळा, पण मोठी आहे."

आणि पिवळा आला.

मावशींच्या हातातला रुमाल खाली पडला, तो त्यांनी उचललाही नाही. ह्यांनी चहा पिता पिता जे सांगितलं होतं, ते हेच वाक्य होतं. अक्षर न् अक्षर. नाटकात काय झालं ते नव्हतंच सांगितलं. शिंप्याने बायकोला जे सांगितलं, तेच ह्यांनी आपल्या बायकोला सांगितलं होतं.

हे नाटक गावात पहिल्यांदा आलं ते वर्ष त्यांना आठवलं. त्याच वर्षी धाकट्या जावेने आपली मुलगी परत नेली होती. जाऊ आजारी, म्हणून तान्ही आणलेली पोर. शाळेत जायच्या वयाची होईपर्यंत मावशींच्या कुशीत झोपायची. तिची होती, तिने नेली, त्यात बोलायला जागा नव्हती. मावशींना स्वतःचं झालं नाही. ती पोर आता लग्न होऊन लांब राहते, रोज सकाळी फोनवर फुलांचं चित्र पाठवते. तेच चित्र बहुतेक सगळ्यांना जात असावं.

शेवटी म्हातारी झालेली बायको खळखळून हसली, आणि अख्खं प्रेक्षागृह मुसमुसलं. शेजारच्या दोघी बहिणींनी एकमेकींचे हात धरले होते. मावशी पिशवीने अडवलेल्या खुर्चीकडे बघत बसून राहिल्या.

सगळे गेल्यावर त्या जिना चढून वर आल्या. नवीन लाइटवाली आवराआवर करत होती.

"कसं वाटलं, मावशी?"

"इथे ऐकू येतं का गं? म्हणजे, काच असते ना मधे."

"अहो, सगळं येतं. हा स्पीकर बघा, थेट स्टेजवरचा. कुणी नुसता उसासा टाकला तरी मला इथे कळतो."

"नवीन बसवला असेल."

"छे, जुनाच आहे हा. फार जुना. तुमच्या लाइटवाल्या काकांच्या हातची चिठ्ठी आहे त्यावर चिकटवलेली, 'बटण हळू फिरवणे'."

मावशींनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. म्हणजे चुकून नव्हतं. ऐकलं होतं त्यांनी. दर प्रयोगाला, शब्द न् शब्द. बटण शिवलेलं बघितलं, निळा टाकला, आणि घरी येऊन शाळा बांधली. "एवढी कच्ची होते का मी?" त्या मोठ्याने म्हणाल्या.

"काय, मावशी?"

"काही नाही. दिवे बंद कर आठवणीने."

घरी त्यांना राग आवरेना. राग काढायचा तर समोर माणूस लागतो. त्यांनी कपाट उघडलं, बंद केलं. चहा टाकला आणि तसाच आटू दिला. आणखी किती नाटकांची मधली अशीच असतील? ज्यांवर आपण वाद घातले, हसलो, रात्र रात्र रुसून बसलो, ती नाटकं कुणी लिहिलीच नव्हती. दोघांनाच ठाऊक होती ती. त्यातला एक गेला. आता ती नाटकं जगात एकट्या त्यांनाच माहीत, आणि त्यातलं खरं कुठलं, हे विचारायला कुणी नाही.

रविवारी त्या रोजच्या साडीत स्टुलावर हजर होत्या. तिसरी घंटा झाली, दार लोटलं, उशिरा आलेली माणसं आत गेली. व्हरांडा रिकामा झाला. आतून हसण्याचा आवाज आला, म्हणजे पोर अंगणात धावत होतं. मग शांत झालं. मग फारच शांत झालं.

बऱ्याच वेळाने एक बाई धापा टाकत जिना चढून आली. हातात तिकीट, कपाळावर घाम. "गेलं का हो निम्मं? गाडीच बंद पडली. आमचे हे आधी येऊन बसलेत आत."

"आता नाही सोडता यायचं. प्रसंग बदलला की सोडते. टेका जरा भिंतीला."

"मधे काय झालं, तेवढं तरी सांगा. नाहीतर ह्यांना विचारत बसले की हे चिडतात."

"मधे..." मावशी म्हणाल्या, "पोर शिकायला..." आणि थांबल्या. त्यांनी टॉर्च मांडीवर ठेवला. मग सगळं सांगितलं. ती बाई कशी आली, काय म्हणाली. बटण, दोरा. निळा कधी झाला आणि पिवळा कधी आला, तेही.

बाई भिंत सोडून जवळ आली. "अरे देवा. मग? बायकोला कळतं का शेवटी?"

"कळतं. पण फार उशिरा. तोवर तो गेलेला असतो."

"म्हणजे शिंपी मरतो?"

"नाही हो. नाटकात नाही मरत."

आत संगीत सुरू झालं, दाराच्या फटीतला उजेड बदलला. मावशी उठल्या, दार जेमतेम अंगभर उघडलं आणि टॉर्च खाली धरला.

"चला, बदलला प्रसंग. पायाखाली बघा. कुठल्या रांगेत आहेत तुमचे हे?"