चार काप, एक बाण

...आणि तो ठोकळा बाजाराच्या पिशवीत घालून मी कारभारीच्या ओट्यावरून उतरलो अन् समोर बजरंगच्या ओट्यावर चढलो, इथंवर काल आपण आलो होतो. मधे रस्ता. मोजून तीस पावलं. पण ही तीस पावलं कारभारी सुतार अकरा वर्षांत चाललेला नव्हता, हे काल सांगायचं राहूनच गेलं.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागं जातो. शेवगावजवळच्या आमच्या गावच्या शाळेत कारभारी आणि मी सातवीपर्यंत एका बाकावर शिकलो. शिकलो म्हणजे मी शिकलो. तो बाक कशाचा आहे ते सांगायचा. गुरुजींनी एकदा छडी उगारली तर म्हणतो, "गुरुजी, निरगुडीची हाय, मोडंल." मोडलीच. मग उरलेला हिशेब गुरुजींनी हातानं पुरा केला.

बजरंग त्याचा पाठचा भाऊ. वडलांच्या कारखान्यात विजेची करवत बजरंगची आणि लेथ कारभारीची. एकानं कापायचं, दुसऱ्यानं गोल करायचं. आमच्या शाळेतला एकूण एक भोवरा या दोघांच्या हातचा. काय भोवरे होते! दोरीची जाळी गुंडाळून जमिनीवर सोडला की असा झोपायचा, की फिरतोय का नुसता उभाय तेच कळायचं नाही. मी माझा भोवरा खिशात घेऊन लग्नालासुद्धा उभा राहिलो होतो, पण ते राहू द्या, ती गोष्ट निराळी.

अकरा वर्षांमागं वाटणी झाली. घर, जागा, सगळं गोडीनं झालं. लेथ थोरल्याला, करवत धाकट्याला. चार माणसं ओट्यावर बसलेली, चहा आलेला, आणि कारभारी सहज बोलून गेला, "नेऊ द्या करवत. करवत काय, कुनीबी चालवतंय."

बस. बजरंगनं कप खाली ठेवला. करवत टेम्पोत घातली, रस्त्यापलीकडं नेऊन बसवली, आणि त्या दिवसापासून दोघा भावांत शब्द नाही. लग्नात मांडवाच्या दोन टोकांना दोघं. कुणी मेलं तर खांदा द्यायला एक पुढून, एक मागून.

आता फुलदाणीचं. कारभारीची नात ज्ञानेश्वरी तिकडं आयर्लंडला नर्स आहे. तिनं मोबाईलवर फोटो पाठवला. तिथल्या जुन्या दगडांवर एक गाठ कोरतात, वरून-खालून वळसे घेत फिरणारी, तिचं टोक कुठंच सापडत नाही. कारभारीची बायको, आमच्या मनकर्णावहिनी, बघून म्हणाल्या, "ही तर आपली ठिपक्यांची रांगोळी." पोरीनं लिहिलं होतं, "आजोबा, जानेवारीत येतेय. मला अशी गाठ असलेली लाकडी फुलदाणी करून द्या. माझा भोवरा केला होता तशी." सोबत कुण्या गोऱ्या सुताराचा व्हिडिओ.

कारभारी पंचाहत्तरीचा. व्हिडिओ आठ वेळा बघितला. फुलदाणीचं पोट त्याला अवघड नव्हतं. बाभूळ, लिंब, आंबा अशा लाकडांचे बारा-बारा तुकडे कोनात जोडून एकेक कडं केलं, कड्यावर कडं चिकटवलं, लेथवर धरून गोल केलं. म्हणाला, "बाप गाडीचं चाक असंच तुकडं जोडून करायचा. हे बारकं चाकच हाय."

घोडं अडलं फुलदाणीच्या मानेत. गाठ मानेवर यायची होती. त्याची रीत अशी, की लाकूड चौकोनी असतानाच चारी बाजूंनी एकेक तिरका काप द्यायचा. प्रत्येक कापात दुसऱ्या रंगाची पातळ पट्टी चिकटवायची, ती सुकली की मग पुढचा काप. चारी कापांचा कोन एक, जागा एक. चौकोनी असेस्तोवर ते लाकूड फटके खाल्ल्यासारखं दिसतं. लेथवर गोल झालं की त्याच सरळ पट्ट्या वळतात आणि गाठ होऊन बसतात. केसभर काप चुकला की गाठ तुटली.

कारभारीनं हातकरवतीनं दोन ठोकळे वाया घालवले. वयानं हात स्थिर राहत नाही आता त्याचा. तिसरा ठोकळा शेवटचा होता, वडलांनी केलेल्या शेवटच्या चाकाच्या तुंब्यातून, म्हणजे आऱ्या बसतात त्या मधल्या लाकडातून काढलेला. तो मांडीवर घेऊन बसला नुसता.

वहिनी म्हणाल्या, "समूर एवढी करवत घरघरतीय, आन तुमी इथं घासत बसा."

"त्या घरी मी जानार न्हाई."

"मग कळवा नातीला. म्हनावं, तीस पावलं चालवत न्हाईत आजोबाला."

तेव्हा त्यानं मला बोलावलं. ठोकळ्यावर पेन्सिलीनं बाण काढला. ज्या बाजूला बाण त्या बाजूनं काप, आणि बाणाचं टोक वर. "एवढंच सांग. दुसरं बोलू नगंस." मी आयुष्यात दुसरं बोललो नाही असं कधी झालंय का?

बजरंगनं ठोकळा हातात घेतला, वास घेतला. तुंबा ओळखला त्यानं. मग सोबतची पट्टी बघितली. "ही कुनी केली?"

"तुझ्या भावानं."

"जाड हाय. माझ्या करवतीची खाप बारीक पडती, फट पातळ ऱ्हाती. पट्टी मी देतो म्हनावं."

"तूच सांग की."

"मग तुमी कशाला हाय, आण्णा?"

काप दिला, आंब्याची पांढरी पट्टी तासून दिली. ती कापात अशी बसली, की मधून वारा जाणार नाही. ठोकळा परत नेला तर कारभारीनं तिच्यावरून अंगठा फिरवला, दोनदा फिरवला, आणि मला म्हणाला, "चहा घे."

दुसऱ्या दिवशी दुसरा बाण, दुसरी खेप. मी निघताना कारभारी म्हणाला, "म्हनावं, पट्टी बरी हाय."

मी सांगितलं. बजरंगनं विचारलं, "बरी म्हनला?"

"बरी म्हणाला."

"आनखी काय म्हनला?"

"काही नाही."

त्यानं करवतीचं टेबल पुसलं. पुसलेलंच होतं, परत पुसलं.

तिसऱ्या दिवशी मी ठोकळा पिशवीत घालून नेला. डिसेंबर असला तरी दुपारचं ऊन चांगलंच होतं, हाताला घाम, त्यात वाटेत एक ओळखीचा भेटला, त्याला मी पिशवीतून काढून दाखवलाही. बजरंगनं हातात घेतला, फिरवला, चारी बाजू बघितल्या.

"बाण कुठाय?"

मी बघितलं. बाण नाही! घामानं पुसला, दुसरं काय? आता कुठल्या बाजूनं कापायचं, वर कुठलं टोक, कुणाला ठाऊक! उलटा धरला तर कापावरच काप बसायचा आणि तुंबा गेला. जानेवारी चार दिवसांवर.

"तुला अंदाज असंल की, बजरंग."

"अंदाज हाय. पन अंदाजानं म्या करवत चालवत न्हाई."

"मी विचारून येतो."

"तुमी? तुमी वाटंत चार जनांना ह्यो भोवरा हाय म्हनून सांगत बसाल." ठोकळा माझ्या हातातून घेतला, दारात उभा राहिला. रस्ता मोकळा होता. तरी गाडी जायची वाट बघत असल्यासारखा उभाच. मग पायात चपला न घालताच निघाला.

कारभारी लेथपाशी बसला होता. बजरंगला दारात बघून उठला नाही. वहिनींनी मात्र पदर सावरला. "या, भाऊजी," एवढंच म्हणाल्या आणि आत पाणी आणायला गेल्या.

बजरंग म्हणाला, "दादा, वर कुठलं टोक?"

अकरा वर्षांनी पहिला शब्द 'दादा'. मी भिंतीकडं बघायला लागलो.

कारभारीनं टोकावर बोट ठेवलं. "ह्ये. आन काप ह्या बाजूनं."

"बाण काढा."

"पेन्सिल घावंना." पेन्सिल कानावर होती त्याच्या. म्हातारपण, दुसरं काय. "चल, मीच येतो धरायला."

आणि तो तीस पावलं चालला. मी मागून पिशवी घेऊन, रिकामी.

करवत सुरू झाली. एकानं ठोकळा धरला, दुसऱ्यानं सरकवला. तिसरा काप पडला. करवत थांबल्यावर कारभारी खापेकडं बघत म्हणाला, "कुनीबी चालवत न्हाई ही, बजा."

बजरंग म्हणाला, "सरका जरा. भुसा जाईल डोळ्यात."

चौथा काप दुसऱ्या दिवशी, त्याच टेबलावर. मला कुणी बोलावलं नाही, मी आपला जाऊन बसलो. मग लेथ फिरली, कोपरे उडाले, आणि फटक्यांसारख्या पट्ट्या हळूहळू वळत एकमेकींत शिरल्या. बजरंग वाकून वाकून बघत होता. टोक कुठंच नव्हतं. भोवऱ्यासारखी झोपली होती ती मान लेथवर, फिरतीय का उभीय कळत नव्हतं.

ज्ञानेश्वरी आली, फुलदाणी छातीशी धरली, विचारलं, "कुणी केली?" दोघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं. ती गेली परत, फुलदाणी कपड्यांत गुंडाळून.

माझ्या मनाला मात्र टोचणी राहिली. काल सकाळी ओट्यावर दोघंच बसलो होतो तेव्हा मी सांगून टाकलं, "कारभारी, चूक माझी होती. तुझा तो तिसरा बाण माझ्या घामानं पुसला. तुंबा गेला असता रे."

कारभारीनं कानावरची पेन्सिल काढली, तिचं टोक बघितलं, परत कानावर ठेवली आणि म्हणाला, "पुसाया आदी काढाया लागतोय, रामहरी. त्या दिशी म्या बाण काढलाच नव्हता."