सूर्याचा इंग्रजी आठ

रविवारी सकाळी साडेआठ वाजता वेल्डरकाकांना हाक मारायची नाही, हे आमच्या बिल्डिंगमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या वेळी ते गच्चीवर सूर्याचा फोटो काढत असत. एकदा त्यांचे व्याही नेमके तेव्हाच दारात आले. काकांनी वरूनच सांगितलं, "पाच मिनिटं दम धरा पाव्हणं. तुम्ही थांबाल, सूर्य नाय थांबायचा." व्याही जिन्यात बसून राहिले.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात काकांनी उभा जन्म वेल्डिंग केलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुना कॅमेरा घेतला आणि त्याच्यापुढे आपल्या हेल्मेटमधली काळी काच बसवली. त्या काचेतून सूर्य हिरवागार दिसायचा. मी शाळेत शिकवते, म्हणून मला ते 'बाई' म्हणत. पहिल्यांदा मला काच दाखवली तेव्हा म्हणाले, "जल्मभर हिच्यातून ठिणगी बघितली, बाई. आता ठिणगीच्या बापाला बघतो."

वर्षभर, घड्याळाच्या त्याच मिनिटाला, त्याच जागेवरून सूर्य टिपला आणि सगळे फोटो एकावर एक ठेवले, की आकाशात आठचा आकडा उमटतो. आपला मराठी आठ नव्हे, इंग्रजी, दोन कड्यांचा. हे कुठंतरी वाचल्यापासून काकांना दुसरं काही सुचेना. कॅमेरा केसभरही हलता कामा नये म्हणून त्यांनी कॅमेऱ्याच्या मापाची खाच असलेला लोखंडी स्टँड केला आणि तो थेट पाण्याच्या टाकीच्या अँगलला वेल्ड करून टाकला. संक्रांतीनंतरच्या रविवारी पहिला फोटो निघाला. सोबत एक वही. दिसला तर 'दिसला', नाही तर 'ढग'. पावसाळ्यात पानंच्या पानं 'ढग' होती. त्यांच्या जावयानं सुचवलं, की गाळलेले सूर्य कॉम्प्युटरवर भरता येतील. काका शांतपणे म्हणाले, "भरता येतील. पन मंग तो तुमचा आठ, माझा नाय."

आता माझा पराक्रम सांगते. घटस्थापना तोंडावर आली होती आणि घरोघरी दसरा काढणं, म्हणजे सणाआधीची झाडलोट आणि धुणं, चाललं होतं. शनिवारी मी सगळ्या गोधड्या धुतल्या. दोरी बांधायला काही सापडेना. टाकीजवळचा तो स्टँड चांगला दणकट दिसला. चार ओल्या गोधड्यांचं ओझं त्याला दिवसभर पेलायला लावलं, संध्याकाळी दोरी सोडली आणि विसरून गेले. दुसऱ्या दिवशी, कितीतरी आठवड्यांच्या ढगांनंतर, लख्ख ऊन पडलं होतं. काका हरखून फोटो काढून आले. तासाभरानं त्यांनी तो आधीच्या फोटोंवर ठेवून पाहिला. सूर्य रांग सोडून भलतीकडे पडला होता.

दुपारी सूर्य पाठीमागे गेल्यावर काच काढून काकांनी समोरच्या बंद कारखान्याच्या चिमणीचा फोटो घेतला, जानेवारीत काच न लावता काढून ठेवलेल्या फोटोशी ताडून पाहिला आणि चिमणी पुन्हा जागेवर येईपर्यंत स्टँड ठोकून सरळ केला. मी चहा घेऊन वर गेले. वही उघडीच होती. 'सूर्य दिसला. फोटो बाद. स्टँड वाकला.' एवढंच. दोरीचा काथ्या अजून स्टँडला चिकटलेला होता. मी शरमेनं विचारलं, "काका, कशानं वाकला ते नाही लिहिलं?"

"चूक ल्ह्यायची, नाव नाय ल्ह्यायचं," ते म्हणाले. "कंपनीत बी आमचा तोच कायदा व्हता. चहात साखर लई झाली, बाई."

त्या दिवसापासून काकांचा आठ हे माझंही काम झालं.

डिसेंबरात त्यांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू इतका वाढला, की वहीतलं स्वतःचं अक्षर त्यांना लागेना. "आठ पुरा होऊ द्या, मंग कापा," म्हणून ते चालढकल करत होते. शेवटी पिशोर गावी दिलेल्या लेकीनं येऊन ऑपरेशन करवलंच. डॉक्टरांनी गच्चीला मनाई केली आणि उरलेले थोडे रविवार माझ्याकडे आले. कॅमेरा खाचेत बसवून मी दोनदोनदा तपासून बघे. एकेक सूर्य गाठीला लागला. उरला शेवटचा, आठचं तोंड मिटवणारा. आणि त्या रविवारी अवकाळी आभाळ भरून आलं. साडेआठ वाजता काचेत नुसता अंधार.

सोमवारी सकाळी आकाश निवळलं. मी गच्चीवर गेले, साडेआठला फोटो काढला आणि वहीत रविवारची तारीख घातली. एका दिवसानं फोटोत काय फरक पडतो? ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. जावयानं सगळे फोटो जोडले, काकांनी पट्टी नसलेला डोळा पडद्याजवळ नेला आणि बराच वेळ आठवर बोट फिरवत राहिले. "मिटला, बाई," म्हणाले. मला ते बघवेना. मी सगळं सांगून टाकलं.

काका हसले. "सूर्य खरा हाये ना? खोटं फक्त वहीत हाये. वही आना इकडं." त्यांनी चाचपडत मी लिहिलेली ओळ खोडली. "आता सोमवार ल्हितो. झालं. येवढ्यापायी झोप घालवली व्हय?"

उन्हाळ्यात ते लेकीकडे कायमचे पिशोरला गेले. निघताना "जय भीम, बाई" म्हणून त्यांनी काळी काच आणि वही माझ्या हातात ठेवली. टेम्पो वळल्यावर मी जिन्यातच बसले आणि शेवटचं पान उघडलं. वर्षभर त्या वहीत त्यांनी कुणाचंच नाव येऊ दिलं नव्हतं, गोधड्यांच्या वेळी माझंही नाही. शेवटच्या ओळीत मात्र थरथरत्या, तिरक्या अक्षरात होतं: 'सोमवार. सूर्य दिसला. बाईंनी काढला.'